पदर घेऊन विचारायचा प्रश्न

आई,

काल अबुधाबीतल्या एका मॉलमध्ये दोन बायका भर गर्दीत हिब्रूमध्ये भांडत होत्या. एकीला जेवायला जायचं होतं आणि दुसरीला अजून चपला बघायच्या होत्या, एवढं हातवाऱ्यांवरून कळलं. दोघींच्या डोक्यावर काही नाही, एकीच्या हातात अर्धवट खाल्लेलं आईस्क्रीम, आणि तोंडाने चाललेला सगळा उद्धार आपल्या प्रार्थनेच्या भाषेत. मी तिथेच खांबाशी उभी राहून हसत सुटले. माझ्या वयाची बाई एकटीच हसतेय म्हणून सिक्युरिटीवाला दोनदा वळून बघून गेला. मग घरी येऊन तुला लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ह्यातली गंमत कळेल असं दुसरं माणूस मला आठवेना. मावशी खरं बोलत होती गं. तिकडे ह्या भाषेत खरोखर भांडतात.

तो दिवस तुला आठवत असेल. रेवदंड्याचं आपलं स्वयंपाकघर, ताटात खवलेल्या नारळाचा ढीग, आणि इस्राएलला गेल्यापासून पहिल्यांदाच माहेरपणाला आलेली मावशी पाय पसरून तांदूळ निवडतेय. मी सातवी-आठवीत असेन. मावशी सांगतेय की तिकडे सकाळी पाव आणायला गेलं की पाववाला विचारतो, "मा श्लोमेख?" म्हणजे कशी आहेस. शब्दाला शब्द लावला तर तुझी शांती कशी आहे असं होतं, पण एवढा विचार करायला तिथे कुणाला वेळ नाही, आपल्या 'काय, बरं ना'सारखंच ते. तरणी पोरं तर तेवढंही म्हणत नाहीत, मावशी म्हणते, ती 'मा निश्मा?' म्हणतात, काय ऐकू येतंय, आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघतात. तू नारळाचं दूध पिळत होतीस. तू थांबतेस, हात पुसतेस, पदर डोक्यावर घेतेस आणि मावशीला म्हणतेस, "आधी डोकं झाक. मग बोल ते."

मावशीला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी ती हसून हसून आडवी झाली आणि निवडलेले तांदूळ पुन्हा खड्यांत मिसळले. तुझं तरी काय चुकलं होतं? गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं, कारण आजोबांचा घाणा शनिवारी बंद असायचा. आपण बेने इस्राएल, यहुदी, पण रागवायचो मराठीत, हिशेब मराठीत, स्वप्नंसुद्धा मराठीतच पडायची. हिब्रू म्हणजे फक्त शमा ही रोजची प्रार्थना आणि सणासुदीच्या प्रार्थना, त्याही तू मराठी अक्षरांतून वाचून पाठ केलेल्या. डोकं झाकायचं, उभं राहायचं, देवाशी बोलायचं आणि शेवटी बोटं ओठांना लावायची. त्या भाषेत पाववाला चौकशी करतो हे तुझ्या पचनी पडेना. मावशीने वर आणखी सांगितलं, "अगं बये, तिकडे ह्या भाषेत भाजीवाल्याशी घासाघीस करतात, भांडतात." तू फक्त म्हणालीस, "भांडतात?" मटणात मीठ दोनदा पडलं त्या दिवशी.

मावशी परत गेली आणि पुढच्याच शुक्रवारी तू ते सुरू केलंस. खोबरेल तेलाचा दिवा लागला, तुझी प्रार्थना झाली, आणि डोक्यावरचा पदर तसाच ठेवून तू एकेकाकडे वळून पाववाल्याचा तो प्रश्न विचारलास. आधी बाबांना, त्यांच्यासाठी मावशीने शिकवलेलं पुरुषाचं रूप वापरून, मग मला. मावशीने शिकवलेलं उत्तर मला येत होतं. "तोव, तोदा," मी म्हटलं, छान, आभारी आहे, आणि पानावर बसायला निघाले. तू हाताला धरून थांबवलंस. माझे डोळे त्या दिवशी रडून लाल होते, कारण शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाचातून मला काढलं होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तू जे बोललीस ते मला जन्मभर पुरलं आहे. "मराठीत खोटं बोल, हिंदीत बोल, इंग्रजीत तर बोलच. ह्या भाषेत नाही." मग मी खरं सांगितलं. तू काही समजूत घातली नाहीस, मला मांडीवर घेण्याइतकी मी लहान नव्हते, तू फक्त ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, चल, जेवू.

बाबा पुढे तुझी चेष्टा करायचे की देवानेसुद्धा कुणाला एवढं कोर्टात उभं केलं नसेल. पण तेही दर शुक्रवारी उत्तर द्यायचे, एसटीतला साहेब काय बोलला, छातीत कधी दुखलं, सगळं. आणि ते ठाण्याचं स्थळ आलं होतं तेव्हाचं तुला सांगायला नको. सगळ्यांना मुलगा पसंत, मलाही विचारलं तेव्हा मी मराठीत हो म्हणाले. शुक्रवारी दिव्यापाशी तू विचारलंस आणि मी म्हटलं, आई, मला तो नाही आवडला, तो वेटरशी फार वाईट बोलला. रविवारी तू नकार कळवलास. सगळी जमात तुझ्यावर नाराज झाली. तू कारण कुणाला सांगितलं नाहीस, आणि मला पुन्हा कधी बोलून दाखवलं नाहीस.

पुढे लग्न झालं, ह्यांना इथल्या ऑइल कंपनीत नोकरी लागली, आणि मी चष्म्याच्या दुकानांत डोळे तपासायचं काम करू शकेन असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तू पापडांच्या डब्यात, पापडांच्या मधोमध, रुमालात गुंडाळून मेझुझा ठेवलीस, दाराच्या चौकटीला लावायची ती छोटी नळी, आत प्रार्थनेचा कागद असलेली. आणि म्हणालीस, दाराला लावू नकोस, जपून ठेव. कुणी विचारलं तर आपण रायगडचे, मराठी. आडनाव 'कर'वर संपतं, पुढे कोण कशाला विचारेल? मग तू जे म्हणालीस ते तुला किती जड गेलं असेल हे मला आज कळतं. "ती भाषा तिथे तोंडात आणायची नाही. अगदी घरातसुद्धा नाही. फोनवर तर मुळीच नाही."

मी ऐकलं. तेव्हा इथे तो शहाणपणाच होता. मेझुझा कपाटाच्या आतल्या बाजूला, साड्यांच्या मागे लावली. आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो, एका मोठ्या व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिलेत, त्यातला एक आमचा. महाराष्ट्र मंडळात गणपतीला मोदक वळले, हळदीकुंकवाला गेले, त्यात मला खोटं काही वाटलं नाही, आपल्या गावातही आपण सगळ्यांच्या घरी जायचोच. फक्त एक झालं. तू फोनवर मराठीत विचारायचीस, "कशी आहेस?" आणि मी म्हणायचे, "बरी आहे." इथे सगळेच तसं म्हणतात. इथून घरी कुणी वाईट सांगत नाही, घरून इथे कुणी वाईट कळवत नाही. ऑपरेशन झाल्यावर कळतं की ऑपरेशन होतं. शेवटच्या फोनवरही तू विचारलंस आणि मी बरी आहे म्हणाले. मला पदर सावरल्याचा आवाज आल्यासारखं वाटलं, आता तू विचारशील असं वाटून मी कान लावून उभी राहिले. तू म्हणालीस, चल, ठेवते, दूध उतू जाईल.

आता आपाबद्दल सांगते. आपा म्हणजे व्हिलाच्या शेजारच्या तुकड्यातली. श्रीवर्धनकडची, कोकणी मुसलमान, माझ्याहून मोठी, नवऱ्याचं मुसाफात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. पहिल्याच दिवशी तिने भिंतीवरून डोकावून विचारलं, "कुठली गो तू?" मी रायगड म्हटलं आणि तिने टोपभर कोलंबीचा पुलाव आणून दिला. खवल्यांशिवायचं समुद्रातलं काही आपल्याला चालत नाही, म्हणून मी म्हटलं, मला कोलंबीची अ‍ॅलर्जी आहे. मग कधी चिंबोऱ्या आल्या, त्यांचीही अ‍ॅलर्जी. माकूल, त्याचीही. दह्यात मुरवलेलं मटण आलं, आणि मांसात दूधदही आपण घालत नाही, तेव्हा मी दह्याचीही अ‍ॅलर्जी सांगितली, आणि तासाभराने तिच्यासमोर दहीभात खाल्ला. आपाने टोप परत नेला. माझ्या बाळंतपणात तिने मला न्हाऊमाखू घातलं, हे महिनोन्‌महिने समुद्रात रिगवर असायचे तेव्हा माझी मुलगी तिच्या घरी झोपायची. तू गेल्याचं कळलं तेव्हा जमिनीवर माझ्या शेजारी आपाच बसली होती. पण तिचा एक स्वभाव मला खटकायचा. दर शनिवारी सकाळी ती यायची आणि परक्याच्या स्वयंपाकघरात थेट ओट्याशी जायची. "तू बस गो. माझा गॅस मंद चालतो, तुझा बरा. मी ठेवते चाय." मी शनिवारी गॅस पेटवत नाही, तुझ्यासारखंच, शुक्रवारी करून ठेवलेलं थंड खाते. सुट्टीच्या दिवशी आळस असतो असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तेव्हा तिचा चहा गोड लागायचा खरा, पण मनात यायचं, काय हा आगाऊपणा.

मग ह्या देशाचा आणि इस्राएलचा करार झाला. एके दिवशी कॉफीच्या दुकानात माझ्या मागे रांगेत कुणीतरी मोबाईलवर म्हणालं, "मा निश्मा?" आणि मी माझी ऑर्डर सांगायचीच विसरले. मुलगी सोबत होती, मोठी झालीय आता, तिला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, "मम्मा, यू कॅन टेल पीपल नाऊ. नोबडी केअर्स." मला सांगावंसं वाटलं. इतर कुणाला नाही, आपाला. पण ज्या बाईने माझं पोर वाढवलं तिला इतक्या वर्षांनी काय सांगायचं, की मी तुला पहिल्या दिवसापासून फसवलं? आज सांगू, ईदनंतर सांगू, असं करत राहिले. आणि तेवढ्यात बातम्या फिरल्या. तुला त्या सांगत नाही, तू ह्या सगळ्याच्या आधीच सुटलीस. आपाच्या घरी टीव्ही अखंड चालू, पडद्यावर ढिगारे आणि मुलं, आणि आपा पदराने डोळे पुसतेय. मीही तिच्याशेजारी बसून रडायचे, ते रडणं खोटं नव्हतं. पण मावशीची मुलं-नातवंडं सायरन वाजला की जिन्याखाली पळत होती, त्यांच्यासाठी मला वेगळं रडायचं असायचं, आणि त्याला जागा नव्हती. आपाला कळलं तर तिचं घर मला बंद होईल, एवढी एकच भीती मला होती. नोकरीची नाही, व्हिसाची नाही. आपाची.

मग एके दिवशी आपाला मी माझ्या दुकानात तपासायला आणलं होतं. मोतीबिंदूची शंका होती. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तिला बाकावर बसवलं, डोळे मिटून बस म्हटलं. तेवढ्यात एक म्हातारी आणि तिची मुलगी आल्या. म्हातारीचा चष्मा पडून फुटला होता, नवा नंबर काढायचा होता. मुलगी इंग्रजी बोलायची, म्हातारीला एक शब्द येत नव्हता. तपासायची खोली अंधारी असते, मशीन डोळ्याशी आणायचं असतं, म्हातारी घाबरून खुर्चीवरून उठायलाच लागली. मुलगी तिच्यावर वैतागली, हिब्रूत. म्हातारीचे हात कापत होते. तुझे शेवटी कापायचे ना, तसे.

मी काय करतेय हे मला कळायच्या आत माझी ओढणी डोक्यावर गेली होती. मी खाली वाकून तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि विचारलं, "मा श्लोमेख?"

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली आणि मग बोलायला लागली. आई, ती किती बोलली! मला एक अक्षर कळलं नाही, तुझ्या मुलीला शमा आणि चौकशी सोडून हिब्रू येतच नाही. मी नुसती मान हलवत ऐकत राहिले, तू ऐकायचीस तशी. मुलीने नंतर सांगितलं, ती म्हणत होती की डॉक्टरकडे नवरा सोबत असायचा, अंधाऱ्या खोलीत तो हात धरायचा, तो गेल्यापासून तिला अंधाराची भीती वाटते आणि मुलीला हे सांगितलेलं आवडत नाही. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, आम्ही असं विचारतो, पण कुणी असं उत्तर देत नाही. मग माझ्या डोक्याकडे बघून तिने खणखणीत इंग्रजीत विचारलं, तुम्ही ज्यू आहात का?

दार उघडं होतं. बाहेर बाकावर आपा. एरवी मी हसून म्हटलं असतं, नाही हो, टूरिस्टांकडून शिकले दोन शब्द. ते उत्तर जिभेवर तयार होतं. पण डोक्यावर ओढणी होती, आई, आणि हात अजून म्हातारीच्या हातांत होते. मी म्हटलं, "हो. आम्ही कोकणातले."

म्हातारीचं काम नीट झालं. जाताना तिने माझे गाल कुस्करले. मी आपाला हाताला धरून पार्किंगपर्यंत नेलं. थेंबांमुळे तिला उन्हात दिसत नव्हतं, वर प्लॅस्टिकचा काळा चष्मा. तिच्या तोंडाकडे बघून काही कळायची सोय नव्हती. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "यल्ला, चल." मुसाफाचा पूल आला तरी शांत. ती गाडीत बसली की दुकानातल्या पोरांपासून भाजीच्या भावापर्यंत तोंड बंद नसतं. मी स्टिअरिंग घट्ट धरून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, आणि एकही धड जुळत नव्हतं.

पूल संपल्यावर आपा म्हणाली, "तुझी कोण हायत काय गो तिकडं?"

मी म्हटलं, मावशी होती, वारली. तिची मुलं आहेत, नातवंडं आहेत.

"बरी हायत?"

बस, एवढंच. मला पुढचं दिसेना. पुढे पेट्रोलपंप होता, तिथे गाडी आत घेतली आणि हवेच्या नळापाशी उभी करून ढसाढसा रडले. कितीतरी महिन्यांत मला कुणी विचारलं नव्हतं गं ते. कुणी विचारावं अशी सोयच मी ठेवली नव्हती. मी सगळं सांगितलं, जिन्याखालचं, सर्वांत धाकट्या नातीचं, ती बोलायचीच बंद झालीय ते. आपाने चष्मा न काढता माझा हात शोधून धरला. "अल्ला रहम करो," ती म्हणाली. "पोरं कुनाची पन असोत."

जरा वेळाने मी नाक पुसून विचारलं, आपा, तुला राग नाही आला? मी इतकी वर्षं लपवलं.

"काय लपवलंस?" ती म्हणाली. "किनाऱ्यावरची बाई नि कोलंबीला नको म्हणते. चिंबोरीला नको, माकुलाला नको. मटनात दही नको, नि दहीभात हानते. माझे डोले आज गेले, तेव्हा नाय गेलेले."

मग तिने सांगितलं. त्यांच्या घराला लागून शनवार तेल्याचं घर होतं. सणाला तिथून मलिद्याचं ताट यायचं, पोहे, गूळ, खोबरं. त्या घरातली म्हातारी शनिवारी चूल पेटवायची नाही, तर ही, सात-आठ वर्षांची परकरी पोर, सकाळी जाऊन ती पेटवून द्यायची आणि वर चहा ठेवायची. तिच्या आईने ते काम तिला नेमूनच दिलं होतं आणि बजावलं होतं की तिथे जाऊन मी तुमच्यासाठी पेटवते असं म्हणायचं नाही, त्यांना ते चालत नाही. मला चाय हवी, असं म्हणायचं.

"मग तुझ्याकडं तरी काय म्हनू?" आपा म्हणाली. "माझा गॅस चांगला चालतो गो. घरात दोन सिलिंडर हायत."

आई, मी आधी हसले का रडले ते आठवत नाही. इतकी वर्षं दर शनिवारी ती उठून यायची, रमजानात आली तर स्वतः न पिता माझ्यापुरता ठेवून जायची, आणि मी त्या बाईला मनात आगाऊ म्हणत होते. मी विचारलं, बोलली का नाहीस कधी. ती म्हणाली, तुला सांगायचं असतं तर तू सांगितलं असतंस, कुणाच्या झाकल्या टोपावरचं झाकण आपण कशाला काढायचं. मग म्हणाली, आता खलास, रडू नको, कडक चहा आण दोन, माझ्यात साखर कमी. मी पंपावरच्या टपरीतून चहा आणला. असा मोकळा श्वास मी ह्या देशात कधी घेतला होता मला आठवत नाही. पाठीवरचं पोतं कुणीतरी काढून ठेवावं आणि आत नुसता भुसा होता असं कळावं, तसं झालं. घरी येऊन मुलीला सांगितलं तर ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, आपाआंटी टोल्ड मी व्हेन आय वॉज टेन." म्हणजे घरात अडाणी मी एकटीच.

तुझी मेझुझा आता साड्यांमागून निघाली. बाहेरच्या दाराला नाही लावली, तेवढी हिंमत अजून नाही, आणि तुझा शब्दही मोडवत नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला लावली आहे. ह्यांनी ड्रिल मारलं, आपाने खाली उभं राहून तिरकी आहे, तिरकी आहे म्हणून डोकं खाल्लं. ती तिरकीच लावायची असते हे तिला पटायला वेळ लागला. बातम्या अजून वाईटच आहेत. आम्ही दोघी टीव्ही लावतो, बघतो, आणि कुणीतरी एक उठून बंद करते.

आणि शुक्रवारी मी दिवा लावला तेव्हा आपा आली होती. म्हणाली, त्या म्हातारीला काय ते इचारलंस, ते मला इचार. मी तुझा नियम सांगितला, ह्या भाषेत खोटं चालत नाही. ती म्हणाली, बघू. मी विचारलं. आपाने ओढणी पुढे ओढली, जरा वेळ दिव्याकडे बघितलं आणि म्हणाली की मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तिला फार भीती वाटते, नवऱ्याला आणि पोरांना ती काय मोठं असं सांगून बसलीय, पण ती रात्री जागी असते. मी म्हटलं, मी आत येईन तुझ्याबरोबर, तिथली डॉक्टर माझ्या ओळखीची आहे. ती म्हणाली, बरं. मग तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि तोच प्रश्न दोनदा अडखळून का होईना, मला विचारला. रेवदंडा सोडल्यापासून मला तो कुणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं, ते तिचं आणि माझं राहू दे.

तुला मात्र एक सांगायचं आहे. फोनवर मी 'बरी आहे' म्हणायचे ना, त्यातलं बरंचसं खरं नव्हतं. तुला ते कळत होतं असं मला वाटतं, आणि विचारायची सोय तू स्वतःच बंद करून बसली होतीस. म्हणून आज न विचारता सांगते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी घालून पापडांच्या डब्यात ठेवणार आहे. पण आई, मी बरी आहे. खरंच बरी आहे. हे लिहिताना ओढणी डोक्यावर आहे माझ्या.